कर नाही त्याला लॉक कशाला?

जागेवरून उठताना कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा, स्क्रीन लॉक होते, असं नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. विसरून जा. ही सोय २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आली. त्याआधीही कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून लॉक लावता यायचं, पण त्याला खटाटोप होता, म्हणून माणसं सभ्य राहिली. आता दोन बोटांत शेजाऱ्याचा अपमान करता येतो.

हो, अपमानच. पाच मिनिटं चहाला जाताना तुम्ही लॉक लावता, तेव्हा बारा वर्षं तुमच्या डब्यातली भाजी खाणाऱ्या माणसाला तुम्ही चोर म्हणत असता. चाळीत समोरच्या बिऱ्हाडाकडे जाताना कोणी कुलूप लावतं का? दार नुसतं ओढून घ्यायचं. कॉम्प्युटरमध्ये या ओढून घेतलेल्या दाराला स्क्रीनसेव्हर म्हणतात. जुन्या डबा मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर काचेच्या आतल्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडायचा, म्हणून ती हलती चित्रं आली. ते मॉनिटर भंगारात गेले, चित्रं राहिली. खुशाल लावा. फक्त त्याच खिडकीत ‘परत येताना पासवर्ड विचारा’ असा एक चौकोन असतो, त्यावर खूण करू नका. उगाच लोकांची अडचण.

उघड्या मशीनचे फायदे अनुभवल्याशिवाय कळत नाहीत. आयटीवाल्या मंडळींना विचारा. तुम्ही पाणी प्यायला जाऊन येता, तोवर तुमच्याच नावाने सगळ्या टीमला मेल गेलेला असतो: ‘शुक्रवारी मिसळ, माझ्याकडून.’ तुम्ही इतके उदार आहात हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. कधी स्क्रीन उलटी झालेली असते आणि तुम्ही मान वाकडी करून एक्सेल वाचता, तेवढाच व्यायाम. कधी कोणी तुमच्या डेस्कटॉपचा फोटो काढून तोच वॉलपेपर म्हणून लावतो आणि खरे आयकॉन लपवतो. मग तुम्ही अर्धा तास चित्रावर क्लिक करत बसता. त्यातले काही जण माऊस बदलून मागतात. (मी मागितला होता. मिळालाही.)

आता काही ठिकाणी मशीन दहा मिनिटांनी आपोआप लॉक होतं आणि ती वेळ बदलण्याचा अधिकार तुम्हाला नसतो. घाबरू नका. काटे असलेलं घड्याळ टेबलावर ठेवा आणि त्यावर ऑप्टिकल माऊस. सेकंदकाटा खालून फिरला की माऊसला वाटतं आपणच फिरतोय, आणि मशीनला वाटतं साहेब कामात आहेत. माझ्या टेबलावर वडिलांचं एचएमटी आहे. चावीचं. सकाळी आल्यावर आधी त्याला चावी देतो, मग कामाला लागतो. म्हणजे ते लागतं.

२०१७ पासून विंडोजमध्ये आणखी एक सोय आहे: फोन ब्लूटूथने जोडून ठेवायचा, तो घेऊन तुम्ही लांब गेलात की मशीन थोड्या वेळाने स्वतःच लॉक होतं. ही सोय बिनधास्त चालू करा, साहेबही खूश होतील. तुमचा फोन कायम टेबलावरच चार्जिंगला असतो.

प्रत्येक ऑफिसात एक लिनक्सवाला असतो, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स नावाची यंत्रणा वापरणारा. तो लघवीला जातानाही लॉक लावतो. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त मायेने विचारा की बाबा रे, तू काळ्या पडद्यावर लॉगिन करून मग स्टार्टएक्स, म्हणजे ग्राफिक्स सुरू करायचा हुकूम, लिहितोस का? जुन्या पद्धतीच्या मांडणीत हा प्रकार मोठा रम्य होता. लॉक खुशाल लागलेलं असू दे, कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबून मागच्या काळ्या पडद्यावर जायचं, तिथे कंट्रोल-सी मारायचा, की ग्राफिक्सचा सगळा पसारा लॉकसकट गडप आणि समोर त्याच्याच नावाने, पुढच्या हुकमाची वाट बघत, हात जोडून उभा असलेला प्रॉम्प्ट. पुढच्या दाराला सात लिव्हरचं कुलूप, मागचं न्हाणीघर उघडं. स्टार्टएक्सच्या आधी ‘एक्झेक’ एवढा एक शब्द लिहिला की हे दार बंद होतं. पण ते त्याला सांगू नका, रात्री झोपणार नाही.

तरीही तो ऐकत नसेल तर जानेवारी २०२१ ची गोष्ट सांगा. लिनक्स मिंट वापरणाऱ्या एका बापाच्या पोरांनी लॉक लागलेल्या मशीनवर हल्ला चढवला. खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड, दोन्ही मिळेल तसे बडवले. लॉकचा प्रोग्राम कोसळला आणि डेस्कटॉप मोकळा झाला. बापाला आधी योगायोग वाटला, तर पोरांनी पुन्हा करून दाखवलं. तिथे लॉक हाही एक साधा प्रोग्रामच. तो मेला की मागचं सगळं उघडं. १९९२ पासून एक्सस्क्रीनसेव्हर हा लिनक्सवरचा स्क्रीन लॉक करणारा प्रोग्राम सांभाळणारे जेमी झविन्स्की हेच वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते. एवढा अभ्यास करून लावलेलं लॉक जर पोरंटोरं उघडणार असतील, तर आपण आपलं आधीच उघडं ठेवलेलं काय वाईट?

कायद्याचंही बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६६ सी: दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. उघड्या मशीनला पासवर्ड लागतच नाही. म्हणजे सहकाऱ्यावरचं निदान हे एक कलम तरी तुम्ही टाळता. बाकीची आहेत, ती त्याचं तो बघेल.

एवढं सांगूनही एखाद्या दिवशी तुम्हाला दुर्बुद्धी होईल आणि तुम्ही लॉक लावून जेवायला जाल. परत आल्यावर पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकाल, पुन्हा चुकीचा. कॅप्स लॉक बघाल, बंद असेल. चौथ्यांदा एका बोटाने, एकेक अक्षर पुटपुटत टाकाल, आणि मागे उभ्या असलेल्या तिघांना तो पाठ होईल. पाचव्यांदा खातंच बंद. मग कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मराठी’ असं दिसेल. सकाळी साहेबांसाठी मराठी पत्र टाईप केलं होतं, कीबोर्ड तसाच राहिला, आणि तुमचा ‘साईराम@१२३’ तिथे भलत्याच काना-मात्रांनी उमटत होता, ठिपक्यांच्या आड.

हेल्पडेस्कला फोन लावा. ते म्हणतील, तिकीट टाका. तिकीट टाकायला लॉगिन लागतं. हे त्यांना सांगा. ते म्हणतील, हो, पण तिकिटाशिवाय आम्हाला हात लावता येत नाही.

अशा वेळी शेजारच्या टेबलाकडे बघा. मॅडम जेवायला गेल्यात, मशीन उघडं, मेलसुद्धा उघडाच. बसा. त्यांच्या नावाने तुमचं तिकीट टाका. आणि बसलातच आहात, तर शुक्रवारच्या मिसळीचाही मेल टाकून घ्या.