बोटीच्या सर्व्हेचा खर्च निम्मा-निम्मा करू नका

जुनी शिडाची बोट घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "सर्व्हेचा, म्हणजे घेण्याआधी तज्ज्ञाकडून बोट तपासून घेण्याचा, खर्च विकणाऱ्याशी निम्मा-निम्मा वाटून घे. फायदा दोघांचा, मग भुर्दंड एकट्याला का? आणि तो तयार नसेल तर समज, काहीतरी लपवतोय." इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्बल-लिमिंग्टनच्या बाजूला बोट शोधणारी आपली मराठी मंडळीही हेच एकमेकांना सांगतात. ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण यात घेणाराच बुडतो. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

"फायदा दोघांचा" इथपासूनच गडबड आहे. इंग्लंडमध्ये एका खाजगी माणसाने दुसऱ्याला बोट विकली, तर १९७९ च्या मालविक्री कायद्यातली दर्जाची हमी लागू होत नाही. ती फक्त धंदा म्हणून विकणाऱ्यावर आहे. खाजगी मालकाने जे वर्णन केलं त्याप्रमाणे बोट असावी, एवढंच बंधन. भारतातही १९३० च्या कायद्याचा मूळ नियम हाच आहे: माल पारखून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. पैसे दिल्यानंतर डेक कुजका निघाला तर रडायला जागा नाही. म्हणजे सर्व्हे हे घेणाऱ्याचं मुख्य संरक्षण आहे. विकणाऱ्याला त्याची गरज नसते, आपली बोट कशी आहे हे त्याला बऱ्यापैकी ठाऊक असतं.

आता सर्व्हेयर काय करतो ते पाहा. बोट क्रेनने वर काढलेली असते, तळ धुतलेला असतो. तो हातातल्या छोट्या प्लॅस्टिकच्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जातो. टक, टक, टक, आणि कठड्याच्या खांबाच्या बुडाशी आल्यावर एकदम बद्द. तिथे तो थांबतो, खडूने गोल करतो, ओलावा मोजायचं मीटर टेकवतो. डेकच्या फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड असतं. खांबाच्या बोल्टातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ते भिजलेलं असतं. मग खाली जाऊन तो डोलकाठीच्या तारा जिथे बोटीच्या कवचाला बांधलेल्या असतात त्या स्टीलच्या पट्ट्या बघतो. वरून चकचकीत, पण डेकमधून आत शिरतात नेमक्या तिथे गंजाचा तपकिरी ओघळ. हे सगळं तो कागदावर उतरवतो, आणि ते कोणत्या शब्दांत उतरतं यावर तुमचे हजारो पौंड अवलंबून असतात.

खरा प्रश्न इथे आहे. तो कागद कुणासाठी लिहिलेला असतो? ज्याने काम सांगितलं त्याच्यासाठी. सर्व्हेयरचा करार त्याच्याशी, उत्तरदायित्व त्याच्याशी, आणि अहवालात तसं बहुधा स्पष्ट छापलेलं असतं. विकणाऱ्याने निम्मे पैसे भरले की तोही गिऱ्हाईक झाला. सर्व्हेयर कुणाचा, भेट कधी, मसुदा आधी कुणी वाचायचा, या सगळ्यात त्याला बोलायचा हक्क आला. समजा, सर्व्हेयरला लिहायचंय, "कीलच्या (बोटीच्या बुडाखालच्या जड पात्याच्या) सांध्याजवळ भेगा आहेत, बोट समुद्रतळाला आपटल्याची शक्यता आहे, आतली चौकट उघडून पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही." हे वाक्य सौदा मोडू शकतं. ते मवाळ करून घ्यायची इच्छा कुणाला होईल, हे सांगायला नको. २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' ही ४० फुटी यॉट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला येताना अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली आणि चौघेही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने पूर्वी बोट समुद्रतळाला आपटणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी सांधा कमकुवत झाला असावा, याकडे लक्ष वेधलं. कीलबद्दलचं ते एक वाक्य असं मोलाचं असतं. ते लिहिणारा माणूस पूर्णपणे तुमचाच असला पाहिजे.

"तयार नाही म्हणजे लपवतोय", हा आरोप तर सरळ अन्यायाचा आहे. ३३ फुटी बोटीचा सर्व्हे म्हणजे साधारण ७०० ते १००० पौंड, क्रेनचे वेगळे. एका बोटीला तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांनी निम्मं मागितलं, तर सौदा न होताच मालकाचे हजार-दीड हजार गेले. प्रामाणिक मालकही नाहीच म्हणेल. उलट घेणारा स्वतः पूर्ण खर्च करतो, इसार देतो, तेव्हा तो गंभीर आहे हे कळतं आणि मालक बोट बाजारातून मागे घेतो. संशय घ्यायचाच तर दुसऱ्या गोष्टींवर घ्या. बोट पाण्याबाहेर काढू न देणं, "माझ्याच ओळखीच्या सर्व्हेयरकडून करा" असा आग्रह, थंड इंजिन कसं सुरू होतं ते दिसू नये म्हणून ते तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवणं.

"मालकाकडे जुना अहवाल आहे, त्याचे निम्मे पैसे देऊन तोच घ्या", हेही सांगितलं जातं. जुना अहवाल जरूर मागा, पण वाचायला. त्यातल्या चुकीबद्दल तुम्ही सर्व्हेयरला जाब विचारू शकणार नाही, आणि जुन्या बोटीचा विमा उतरवताना कंपन्या बहुतेक वेळा ताजा सर्व्हे मागतात. त्या अहवालाचा खरा उपयोग वेगळा आहे: त्यात सुचवलेल्या दुरुस्त्यांची यादी काढा आणि प्रत्येकीची पावती मागा. व्होल्वोच्या सेलड्राइव्हचं (इंजिनाची ताकद बोटीच्या तळातून खाली पंख्यापर्यंत नेणाऱ्या भागाचं) रबरी सील दर ७ वर्षांनी बदलायचं असतं. पावती नाही म्हणजे बदललेलं नाही, असंच धरा.

"सौदा फिसकटला तर अहवाल मालकाला फुकट मिळतो, म्हणून त्यानेही निम्मे भरावेत", हा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. अनेक मालक तो अहवाल वाचायलाही नको म्हणतात, कारण एकदा दोष कळला की पुढच्या गिऱ्हाइकाने विचारल्यावर "माहीत नाही" असं म्हणता येत नाही.

मग मालकाने काहीच सोसायचं नाही का? सोसायचं, पण योग्य जागी. सर्व्हेत निघालेले दोष किमतीतून वजा करून घ्या. डोलकाठीच्या सगळ्या तारा बदलायच्या तर काही हजार पौंड लागतात. त्यापुढे सर्व्हेचे वाचवलेले चारशे म्हणजे काहीच नाही. मात्र एक अट आधीच लेखी घाला: जाहिरातीतली ठोस गोष्ट, म्हणजे इंजिनाचं वर्ष, तारा कधी बदलल्या, बोट कधी आपटली का, यातली एखादी खोटी ठरली तर सर्व्हे आणि क्रेन दोन्हींचा खर्च मालकाने भरून द्यायचा. ही मागणी रास्त आहे आणि खरं बोलणारा मालक ती बिनदिक्कत मान्य करतो.

क्रेनच्या खर्चात मात्र वाटणी आपोआप साधता येते. मुंबईत मे अखेरीस पावसाळ्यासाठी शिडाच्या बोटी पाण्याबाहेर निघतातच, इंग्लंडमध्ये बऱ्याच बोटी ऑक्टोबरनंतर हिवाळ्यासाठी वर येतात. मालकाला तो खर्च तसाही करायचा असतो. सौदा त्या सुमारास जुळवा, समुद्रावरची चाचणी बोट पाण्यात असतानाच उरका, कारण वर काढल्यावर इंजिन भारावर चालवून बघता येत नाही. आणि पॅनेल उघडणं, तळाचा रंग खरवडणं यासाठी मालकाची परवानगी सर्व्हेयर यायच्या आधीच कागदावर घेऊन ठेवा.