मुतखडा मंजूर

मुतखडा झालेल्या माणसाला औषधांची कधी ददात पडत नाही. काकांना पहिली कळ आली त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, शहाळी आणि ‘रोज एक बिअर’ इतके उपाय हजर झाले. शेवटचा काकांना लगेच पटला, काकूंना नाही. कुळीथ पिऊन पिऊन घराला जनावरांच्या गोठ्याचा वास यायला लागला, तेव्हा सोनोग्राफी केली. खडा हरभऱ्याएवढा, दुर्बिणीतून फोडावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि खर्चाचा आकडाही सांगितला. आकडा ऐकून काकांची कळ जागच्या जागी थांबली. खडा मात्र होता तिथंच राहिला.

काका गवंडी. “जन्मभर लोकांच्या घरात दगड बसवले, एक आपल्यात बसला तर एवढं काय,” म्हणाले आणि उठून घरी निघाले. त्यांना दंडाला धरून मी परत बसवलं, कारण मला योजना आठवली होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१७ पर्यंत तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं आणि आमच्या गावात ती अजूनही ‘जीवनदायी’च आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आणि आपल्याला हप्ता एक रुपयाही भरायचा नाही. हप्ता फक्त झेरॉक्सवाल्याला भरायचा, हे पुढं कळलं.

पहिल्या दवाखान्यात योजनेचा फलक भिंतभर होता. खाली बसलेल्या मुलीनं फाईल चाळून सांगितलं, “आमच्याकडं योजना हाडांसाठी आहे. मुतखड्याला नाही.”

“मग हाडात झालाय म्हणून लिहा,” काका म्हणाले.

तसं लिहिता येत नाही. दवाखाना योजनेत असला तरी आपला आजार त्या दवाखान्याच्या यादीत असावा लागतो. म्हणजे माणसानं आधी दवाखाना निवडावा आणि मग त्याला शोभेल असा आजार करून घ्यावा.

दुसरीकडं दोन्ही जुळलं. तिथं आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा एक पोरगा होता, बोलायला गोड. त्यानं रेशनकार्ड मागितलं. आमचं रेशनकार्ड घडीवर फाटून त्याची आता चार कार्डं झाली आहेत. त्यावर कुटुंबप्रमुख आजी. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली, पण पुरवठा खात्याच्या दप्तरी ती ठणठणीत आहे. काकांचं नाव तिथं ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’. मधल्या काळात काका मोठे झाले, एवढाच त्याचा अर्थ. पण संगणकाला माणूस मोठा झालेला चालत नाही. मग सेतू, तिथून तलाठी, तिथून पुन्हा सेतू. बाळू आणि बाळासाहेब हे एकच असून दोघांच्या पोटात मिळून एकच खडा आहे, अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र झालं. प्रत्येक खिडकीवर तीन झेरॉक्स. झेरॉक्सवाला आम्हाला बघून आता मशीन आधीच गरम करून ठेवायचा.

इथं कार्डाच्या रंगाचं थोडं सांगायला हवं. १९९९ पासून आपल्याकडं गरिबी तीन रंगांत मिळते. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्याच्या वर १ लाखापर्यंत केशरी, पुढं पांढरं. एक लाख म्हणजे महिन्याला आठ हजार तीनशे तेहतीस. त्यानंतर सोनं कुठल्या कुठं गेलं, वडापावसुद्धा श्रीमंत झाला, पण हा आकडा हलला नाही. आमच्या गल्लीत दोन मजली बंगला केशरी आहे आणि पतसंस्थेत कारकुनी करणारा मी पांढरा. कित्येक वर्षं या पांढऱ्या कार्डाचा उपयोग गॅसच्या अर्जापुरता आणि बायकोनं टोमणे मारण्यापुरता होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं योजना पांढऱ्यालाही लागू केली, प्रत्यक्षात ती पुढच्या वर्षी आली, आणि सरकारदरबारी माझी एकदाची गरिबांत गणना झाली. आईनं देवापुढं साखर ठेवली.

काकांचं वय सत्तर असतं तर रंगाचा प्रश्नच नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. आईच्या हिशेबानं काका सत्तरी केव्हाच ओलांडून गेले. पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली, ती लावताना सालही आपल्या सोयीचं लावलं. आमच्या पिढीपर्यंत निम्मा गाव १ जूनला जन्मलाय. गुरुजी आता हयात नाहीत, नाहीतर त्यांच्याकडूनही एक प्रतिज्ञापत्र घेतलं असतं.

मग केवायसी. काकांनी अंगठा ठेवला, यंत्र गप्प. चाळीस वर्षं सिमेंट कालवलेल्या बोटांवर रेघ म्हणून उरलेली नाही. दहाही बोटं झाली. “साबणानं धुऊन या,” आरोग्यमित्र म्हणाला. धुऊन आले. बोटं स्वच्छ झाली, ओळख पटली नाही. ओटीपी म्हणावा तर आधारला जोडलेला नंबर काकांच्या ज्या जावयाचा, त्याच्याशी काकांचं बोलणं बंद. शेवटी चेहरा. मोबाईलवर एक गोल आला, त्यात काकांचं तोंड बसवलं.

“काका, आता डोळे मिचकवा.”

“कुणाकडं बघून?”

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी मिचकवायला घेतले आणि नेमकी कळ आली. डोळे घट्ट मिटले ते उघडेनात. मोबाईल म्हणतोय, चेहरा सरळ ठेवा. काका मोबाईलला काय म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही, पण तेवढ्यात डोळे उघडले, हिरवी खूण आली, आणि बाळासाहेब हे बाळासाहेबच असल्याचं भारत सरकारनं मान्य केलं.

त्यानंतर खाटेवर फोटो, कागदं वर गेली आणि मंजुरीची वाट. काकूंना वाटायचं, वर म्हणजे देवाकडंच. मंजुरी आली. एका मावशींनी मध्येच बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी हातात ठेवली. पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, जेवण सगळं धरलेलं असतं, असं त्यांच्याच फलकावर लिहिलं होतं. मी भांडलो नाही. त्याच फलकावरचा १५५३८८ हा योजनेच्या हेल्पलाइनचा नंबर जरा मोठ्यानं वाचला. औषधं आतून आली.

ऑपरेशन नीट झालं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बिल शून्य. घरी जाताना आरोग्यमित्रानं पुन्हा फोटो काढला. लग्नात काकांचा एकच फोटो निघाला होता, तोही अर्धा. या खड्यानं त्यांचा अल्बम केला.

आता काका गावातले जाणकार आहेत. सकाळी ओट्यावर लोक पिशव्यांत कागदं घेऊन येतात. परवा सुतारांची आक्का गुडघा धरून आली, तर तिला बसूसुद्धा न देता काकांनी हात पुढं केला. “गुडघ्याचं मागनं बघू आक्का. आधी आधारला मोबाईल कुणाचा जोडलाय ते सांग. आणि जावयाशी बोलणं आहे ना?”