डीसीपीची ‘पी3 करा, डी65 बदला, ब्राइटनेस वाढवा’ ही कृती का फसते

लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांमध्ये डीसीपीची (चित्रपटगृहात दाखवायच्या डिजिटल फाइलसंचाची) एक झटपट कृती फिरते आहे. तिचा गोषवारा असा: रेक 709 (टीव्हीच्या रंगांचे मानक) मधली एच264 (दाबलेली व्हिडिओ) फाइल घ्या. चित्रपटगृहाचे रंग पी3 (709 हून रुंद रंगपट्टा) असतात, म्हणून ती पी3 करा. पांढरा डी65 (टीव्हीचा प्रमाण पांढरा) वरून डीसीआयवर (डिजिटल सिनेमाच्या मानकातला पांढरा) आणा, नाहीतर चित्र निळे पडेल. पडदा 48 निटचाच (निट हे उजेडाचे माप) असतो, म्हणून ब्राइटनेस वाढवा. गॅमाचे सॉफ्टवेअर बघून घेते. ही कृती तंतोतंत पाळली, तर कलरिस्टने (चित्राचे रंग बसवणाऱ्याने) ठरवलेले जवळजवळ काहीच पडद्यापर्यंत पोहोचत नाही.

‘पी3 करा.’ डीसीपीच्या आत पी3 कुठेच नसतो. प्रत्येक फ्रेम जेपीईजी 2000 मध्ये, 12 बिटांत, एक्स, वाय, झेड या तीन घटकांत आणि 2.6 गॅमाने (सिग्नलचा आकडा आणि पडद्यावरचा उजेड यांना जोडणाऱ्या वक्राच्या घाताने) लिहिलेली असते. पी3 हा प्रोजेक्टरचा आवाका आहे. रेक 709 चे चित्र गणित करून पी3 मध्ये नेले, तर रंग होते तेच राहतात, फक्त एक फेरी वाढते. खरा घोटाळा होतो तो गणित न करता नुसते पी3 चे लेबल चिकटवल्यावर. रंगांच्या नकाशावर 709 चा लाल (0.640, 0.330) वर आहे आणि पी3 चा (0.680, 0.320) वर, हिरवा (0.300, 0.600) वरून (0.265, 0.690) वर सरकतो, निळा दोन्हींत एकच, (0.150, 0.060). त्यामुळे तेच आकडे पी3 चे म्हणून वाचले की लाल-हिरवे भडकतात आणि चेहरे उन्हात भाजल्यासारखे दिसतात. ‘थिएटरमध्ये रंग जास्त खुलतात’ असे कौतुक ऐकू येते, त्यामागे कित्येकदा हीच चूक असते.

‘डी65 बदला, नाहीतर निळे दिसेल.’ यात अर्धे सत्य आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ. एक्सवायझेडमध्ये रंगाची जागा पक्की असते. डी65 चा पांढरा (0.3127, 0.3290) तिथे डी65 म्हणूनच लिहिला जातो आणि नीट कॅलिब्रेट केलेला प्रोजेक्टर तो तसाच दाखवतो. डीसीआयचा (0.314, 0.351) हा प्रोजेक्टर जुळवण्याचा पांढरा आहे. तुमच्या चित्रपटाचा पांढरा तोच असावा, असा नियम कुठेही नाही. तो बिंदू हिरवट आहे. सगळे चित्र तिकडे ओढले की कलरिस्टने ठरवलेले राखाडी हिरवटीकडे झुकतात. अंधारात डोळा जुळवून घेतो, म्हणून पूर्ण चित्रपट असा असेल तर बऱ्याच जणांना कळतही नाही. पण सुरुवातीचा लोगो एका पद्धतीने आणि चित्रपट दुसऱ्या पद्धतीने रूपांतरित झाला असेल, तर कटवर लगेच डोळ्यात भरते.

आता सत्याचा अर्धा भाग. 48 निटचा डी65 पांढरा हवा असेल, तर डीसीआय पांढऱ्यावर जुळवलेल्या पी3 प्रोजेक्टरला लाल सुमारे 9 टक्के आणि निळा सुमारे 15 टक्के जास्त द्यावा लागतो. प्रोजेक्टरकडे तेवढी शिल्लक नसेल, तर सर्वांत उजळ पांढऱ्यात हे दोन्ही कमाल मर्यादेवर तुटतात आणि तेवढाच भाग हिरवट दिसतो. उपाय सगळा पांढरा हलवण्यात नाही, वरचे टोक थोडे खाली ठेवण्यात आहे. गॅमा 2.4 धरला, तर सिग्नल 94 टक्क्यांच्या आत राहिला की पांढरा सुमारे 41 निटवर थांबतो आणि तुटण्याचा प्रश्नच येत नाही. श्रेयनामावलीची पांढरी अक्षरे तर 90 टक्क्यांवरच ठेवावीत. काळ्या पडद्यावर ती तरीही पुरेशी झळकतात.

‘गॅमाचे सॉफ्टवेअर बघून घेते.’ सर्वांत महागात पडणारे वाक्य हेच. रेक 709 च्या दस्तऐवजात कॅमेऱ्याचा वक्र आहे, मॉनिटरचा नाही. मॉनिटरचा वक्र 2011 च्या बीटी.1886 या मानकात आला. ग्रेडिंगच्या (रंग बसवण्याच्या) मॉनिटरवर तो व्यवहारात 2.4 धरला जातो. कलरिस्टने जे पाहिले ते 2.4 मधून पाहिले, म्हणून रूपांतरातही चित्र 2.4 नेच उलगडायला हवे. 50 टक्के सिग्नलचा राखाडी घ्या. 2.4 ने उलगडला तर पडद्यावर 9.1 निट, 2.2 ने 10.4 निट, आणि कॅमेऱ्याचा वक्र उलटा लावला तर 12.5 निट. रात्रीच्या प्रसंगांत हा फरक आणखी बोचतो: सावल्या धुरकट होतात आणि प्रेक्षक प्रोजेक्टरच्या दिव्याला बोल लावतात. साधनात ‘रेक 709’ असे नाव दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या नावाखाली 2.2 धरणारी साधने आहेत. खिडकी उघडा, इनपुट गॅमाचा आकडा वाचा, हवा तो लिहा.

याच जातीची आणखी एक गफलत. मॅकवरच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये 709 ची फाइल फिकट दिसते, कारण तिथे ती साधारण 1.96 गॅमाने उलगडली जाते. ते पाहून मास्टर (चित्रपटाची अंतिम मूळ फाइल) गडद करायचा, आणि मग डीसीपीत काळे बुडाले म्हणून ओरडायचे. प्लेअरच्या दोषाची शिक्षा मास्टरला कशाला?

‘48 निट, म्हणून ब्राइटनेस वाढवा.’ नको. मॉनिटरचा 100 निटचा पांढरा पडद्यावर 48 निटवर जातो, आणि अंधाऱ्या सभागृहात तो पांढराच वाटतो. वाढवायला गेलात तर वरचे टोक कापले जाईल, एवढेच.

मात्र 48 हा आकडा गणितात नक्की लागतो. एक्सवायझेडची मोजपट्टी 52.37 निटपर्यंत जाते. म्हणून रेषीय आरजीबीला (गॅमा उलगडलेल्या लाल-हिरवा-निळा आकड्यांना) 709 चा मॅट्रिक्स (एक्सवायझेडमध्ये नेणारा आकड्यांचा तक्ता) लावल्यावर 48 भागिले 52.37 ने, म्हणजे 0.9166 ने, गुणावे लागते, मग 1/2.6 घात, मग 4095 ने (12 बिटांतला कमाल आकडा) गुणाकार. गुणक विसरला तर काय होते पाहा. डी65 पांढऱ्याचा झेड 1.089 येतो, म्हणजे 1 च्या वर, आणि तो 4095 वर कापला जातो. निळा कमी पडल्याने उजळ भाग पिवळट होतात, मधले राखाडी मात्र ठीक दिसतात, म्हणून चूक सापडायला वेळ लागतो. एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनात नुसता पिक्सेल फॉरमॅट एक्सवायझेड 12 असा दिला की वर्षानुवर्षे नेमके हेच होत आले आहे: गॅमा 2.2 आणि गुणक गायब. एका ओळीची ती आज्ञा वापरूच नये.

‘एच264 फाइल चालेल.’ 8 बिट आणि 4:2:0 (रंगांचा तपशील पावपट ठेवणारी पद्धत) असेल तर आकाशात पट्टे पडतात, आणि 12 बिटांत नेल्याने ते जात नाहीत. प्रोरेस 4444 (कमी दाबलेली व्हिडिओ फाइल) किंवा 16 बिटांची टिफ मालिका (एकेका फ्रेमची चित्रे) द्या. त्याहून मोठा धोका रेंजचा. व्हिडिओत काळा 16 आणि पांढरा 235 वर असतो (10 बिटांत 64 आणि 940). हे आकडे पूर्ण रेंजचे समजून वाचले, तर काळा राखाडी होतो आणि पांढरा 48 ऐवजी साडेएकोणचाळीस निटवर अडकतो. उलट झाले तर सावल्यांतला तपशील कायमचा जातो. टिफ साधारणपणे पूर्ण रेंजची असते, प्रोरेस साधारणपणे व्हिडिओ रेंजची. एकाच टाइमलाइनवर दोन्ही असतील तर प्रत्येक क्लिपची लेव्हल हाताने तपासा. जुने एसडी फुटेज असेल तर 601 (एसडी व्हिडिओचे मानक) चा मॅट्रिक्सही बघा.

पारखायला थिएटर भाड्याने घ्यावे लागत नाही. पांढरा, 50 टक्के राखाडी, काळा आणि शुद्ध लाल अशी एक सेकंदाची पट्टी मास्टरच्याच मार्गाने, कुलूप (एन्क्रिप्शन) न लावता, डीसीपीत घाला. एएसडीसीपीलिबच्या अनरॅप साधनाने फ्रेम बाहेर काढा, ओपनजेपीईजीने टिफ करा आणि आकडे वाचा. टिफ 16 बिटांची असेल तर ते 16 पट दिसू शकतात. एक्स, वाय, झेड या क्रमाने, 2.4 गॅमाला पांढरा 3883, 3960, 4092 यायला हवा. लाल 2817, 2183, 868. राखाडीचा वाय 2088. एखाददुसऱ्या आकड्याचा फरक चालतो. पांढरा 3794, 3960, 3890 आला तर कुणीतरी तो डीसीआयवर ओढला आहे. राखाडीचा वाय 2203 असेल तर गॅमा 2.2 धरला गेला आहे, 2357 असेल तर कॅमेऱ्याचा वक्र. वाय आणि झेड दोन्ही 4095 असतील, तर गुणक राहिला.