डोळे हलले म्हणजे आजारच, असं नाही

चक्करेच्या तपासणीत डोळे आपोआप हलले की आतल्या कानात बिघाड, असं तुमच्याकडे छापून आलेल्या एका लेखात सरसकट म्हटलंय. पटलं नाही. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या तपासण्या करणारी आहे, रोज हेच बघते. चांगल्या धडधाकट माणसाला आत कॅमेरा असलेला काळा गॉगल लावून कुशीवर झोपवलं तरी स्क्रीनवर बारीकसा निस्टॅग्मस दिसू शकतो: बुबुळ हळूच एकीकडे सरकतं आणि झटक्यात परत येतं. त्याला त्याचा पत्ताही नसतो. गॉगलमधला छोटा दिवा लावून त्याकडे बघायला सांगितलं की हे बहुधा विरतं. नजर अगदी टोकाला नेली तरी दोन-चार झटके येतात. आणि कानात ३० किंवा ४४ अंशांचं पाणी सोडल्यावर तर डोळे हलायलाच हवेत, नाही हलले तर आम्हाला घोर लागतो! (आतल्या कानाच्या याच अभ्यासासाठी व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना १९१४चं नोबेल मिळालं.) वेग किती, उजेडात टिकतो का, सोबत चक्कर आहे का, हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. रिपोर्टमधला एक शब्द गुगल करून घाबरू नका. उजेडातही न थांबणारा, खालच्या दिशेने झटके देणारा निस्टॅग्मस मात्र अंगावर काढू नका, थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा.