बोटांच्या ठशांत लेकराची बुद्धी नसते

गेल्या रविवारी सेलूहून ताईचा फोन आला. "नवोदयचा क्लास बंद करावं म्हणते. हिच्यात लॉजिकच कमी आहे, रिपोर्ट आलाय." भाची पाचवीत आहे. रिपोर्ट कसला, तर दहा बोटांचे ठसे मशीनवर घेऊन काढलेला. साडेचार हजार रुपये, रंगीत फाईल आणि तिसऱ्या पानावर 'तार्किक क्षमता : 9 टक्के'. सोयाबीनच्या पट्टीतून दाजींनी हे पैसे बाजूला काढले होते.

याचं मूळ एका व्हॉट्सअॅप मेसेजात आहे. मला तो तीन ग्रुपवर आलाय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की बोटांच्या ठशांवरून मेंदूचा नकाशा कळतो. डाव्या मेंदूचं लेकरू गणितात चालतं, उजव्या मेंदूचं कलेत. वयाच्या दहा वर्षांनंतर तर्कशक्ती वाढत नाही. परदेशात ही टेस्ट सक्तीची आहे, तुम्हीही वेळेत करून घ्या.

आधी ठसे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. बदलत नाहीत म्हणून तर पोलीस आणि आधारवाले त्या वापरतात. आता मला सांगा, पहिलीत दोन अंकी बेरीज न येणारं लेकरू पाचवीत अपूर्णांक सोडवतं, तेव्हा त्याच्या बोटावरची कोणती रेषा हलली? शिकून वाढणारी गोष्ट न बदलणाऱ्या खुणेवरून टक्क्यांत मोजता येत नाही. डाऊन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय विकारांत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हे खरं आहे, आणि डॉक्टर त्याची नोंद घेतात. तेवढ्या धाग्यावरून निरोगी लेकराचं लॉजिक 9 टक्के ठरवणं ही फसवणूक आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, 2019 मध्येच ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या या चाचणीला, म्हणजे डीएमआयटीला, वैज्ञानिक आधार नाही असं लेखी निवेदन काढलं आहे.

डावा-उजवा मेंदू यात अर्धं खरं आहे. बहुतेक माणसांत भाषेचं बरंच काम डाव्या बाजूला चालतं. फिट्सच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांमधला जोड कापला होता, अशा रुग्णांवरच्या कामासाठी रॉजर स्पेरी यांना 1981 चं नोबेल मिळालं. पण तुमच्या-माझ्या लेकरांच्या मेंदूतला जोड शाबूत आहे. गणित सोडवताना दोन्ही बाजू कामाला लागतात.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो 'दहा वर्षांनंतर वाढत नाही' याचा, कारण ताईनं हातपाय गाळले ते याच ओळीनं. लहानपणीची वर्षं फार मोलाची, हे मान्य. पण पुढचं दार बंद होतं हे साफ खोटं आहे. नॉर्वेनं 1955 ते 1972 या काळात सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं. सगळ्या भागांत एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. त्यामुळे काही भागांतली मुलं जास्त शिकली आणि त्याच वयाची दुसरीकडची मुलं आधीच थांबली. तिथले मुलगे 19 वर्षांच्या सुमारास सैन्यभरतीसाठी बुद्धिमत्ता चाचणी देत. दोन संशोधकांनी ते गुण ताडून पाहिले आणि 2012 मध्ये छापले : शाळेच्या एका जादा वर्षामागे बुद्ध्यांक सरासरी 3.7 अंकांनी वाढला होता. आणि ही जादा वर्षं 14 ते 16 या वयातली. मेसेजच्या हिशोबानं तेव्हा काहीच वाढायला नको होतं.

परदेशातल्या सक्तीबद्दल काय बोलायचं? कोणत्या देशात, कोणत्या कायद्यानं, यातलं एक अक्षर मेसेजात नाही.

नवोदयच्या 100 गुणांत 50 गुण मानसिक क्षमता चाचणीचे असतात. म्हणून 'लॉजिक कमी' हा शब्द आपल्याकडे आईबापाच्या काळजात जातो आणि आपलं तालुक्याचं लेकरू मागं राहील या धाकानं माणसं पैसे मोजतात. त्याहून वाईट म्हणजे हे सगळं लेकराच्या समोर बोललं जातं. भाची आता आकृत्यांचं गणित समोर आलं की वही सरकवून म्हणते, "मला नाही येत, माझ्यात नाहीये ते."

हीच भाची दिवाळीत काय बोलली ते मी ऐकलंय. त्यांच्या गल्लीत तेव्हा नळ दर सहाव्या दिवशी यायचा. मंगळवारी हौद भरताना ताई काळजीत होती, येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी हळद, पाण्याचं कसं करायचं? ही पायरीवर बसून बोटांवर मोजत होती. म्हणाली, "आई, पाणी दर वेळी एक वार मागं येतंय. आज मंगळवार, मग सोमवार, मग रविवार. हळदीच्या दिवशीच येतंय की!" तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेच्या पेपरात दिनदर्शिकेचे प्रश्न येतात ते याच जातीचे.

ताईला मी एवढंच सांगितलं : क्लास ठेव नाहीतर काढ, पण रोज एक कोडं घेऊन तिच्याजवळ बस. उत्तर बरोबर आलं तरी विचार, "कसं काढलंस?" चुकलं तर खोडायच्या आधी विचार, "कुठपर्यंत बरोबर होतं?" आणि ती फाईल तिच्या नजरेसमोरून हलव.

काल रात्री ताईचा परत फोन आला. फाईल माळ्यावर गेलीय. भाचीनं मागून फोन ओढून घेतला आणि मला विचारलं, "मामा, पाणी आठव्या दिवशी आलं तर वार पुढं सरकतो ना?"