दहा मुलांना एक वर्ष की सहा मुलांना दहावीपर्यंत?

जून जवळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या ट्रस्टच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते, यंदा गरीब घरांतल्या किती मुलांची फी भरायची? आमचं म्हणणं एकच. मुलं कमी घ्या, पण घेतलेलं मूल दहावी होईपर्यंत सोडू नका.

हिशेब मांडून बघा. दिघ्याच्या किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या मुलाची फी समजा ३० हजार आहे आणि हातात ३ लाख आहेत. कागदावर दहा मुलं बसतात. पण बसचे महिन्याला १,२०० धरले तर दहा महिन्यांचे १२ हजार. पुस्तकं-वह्या ५ हजार. गणवेश, पीटीचा ड्रेस, बूट मिळून ३ हजार. झाले ५० हजार. हे वरचे २० हजार आईबापांवर सोडले की फी भरलेली असूनही मूल घरी बसतं, कारण बस बंद झालेली असते. म्हणून ३ लाखांत सहाच मुलं. त्यात फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली तर ३० हजारांचे पाच वर्षांत ४८ हजार होतात, तेही आजच धरून ठेवा.

शाळा पालकांनाच निवडू द्या. कुणी अनुदानित मराठी शाळा निवडली तर फीचे वाचलेले पैसे त्याच मुलाच्या वह्या-पुस्तकांना आणि क्लासला जाऊ द्यात.

पैसे थेट शाळेच्या खात्यात भरा आणि पावतीवर मुलाचं नाव व जीआर नंबर, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधला त्याचा क्रमांक, घ्या. एकाच शाळेत दोन भावंडं असली की नेमका इथेच घोळ होतो. उत्पन्नाच्या दाखल्याचं काम एप्रिलमध्येच उरका. नाका कामगाराकडे पगाराची स्लिप नसते. स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल, मग तहसील, यात दिवस जातात, आणि निकाल लागले की सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलते, मूल शाळेपासून लांब जातं. दर दिवाळीला पत्ता विचारा.

अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या चिल्ड्रन्स स्कॉलरशिप फंडाने ४० हजार मुलांना एकदम चार वर्षांची हमी दिली होती. फीचा काही वाटा पालकांनी उचलायचा होता. वाटा आम्हालाही मान्य आहे, पण तो पावसाळ्यात मागू नका. साइटवरची कामं थंडावलेली असतात. दिवाळीनंतर महिन्याला दोन-तीनशे घ्या.

सगळ्यात अवघड वळण मात्र नववीचं. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांत नंबर लागलेल्या मुलाला आठवीपर्यंत फी नसते. नववीला पूर्ण फीचा आकडा समोर येतो. गरीब घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला १२ हजार देते, पण तिची परीक्षा सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या आरटीईच्या मुलाला त्या परीक्षेला बसताच येत नाही. घरची परिस्थिती तीच, आणि दोन्ही दारं एकाच वर्षी बंद. मग आठ वर्षं इंग्रजीतून शिकलेलं पोर नववीत माध्यम बदलतं, नाहीतर कामाला लागतं.

त्यामुळे पहिलीच्या प्रवेशांची यादी करण्याआधी आपल्या भागातल्या शाळांकडे आठवीत असलेल्या आरटीईच्या मुलांची संख्या विचारा. या मुलांना फक्त दोन वर्षांची फी हवी आहे. फेब्रुवारीत विचारलंत तर एप्रिलपर्यंत त्यांच्या आईबापांना हो म्हणता येईल.