काकू, गरम पाण्याने डीएनए बदलत नाही

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. १५ मिनिटं कडकडीत पाण्याने आंघोळ, मग थंड पाणी, शिवाय ७२ तासांचा उपवास. या ‘सौम्य ताणा’ने म्हणे डीएनए कायमचा बदलतो, शुगरची गोळी सुटते आणि याला नोबेलचा पुरावाही आहे. काकू सोमवारपासून सुरू करणार आहेत.

‘कायमचा’ हा शब्द कुठून आणला? ताणाने डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवतीची त्याची गुंडाळी तेवढी सैल होते, आणि तीही ठरावीक जनुकांपाशी. एचएसएफ-१ हे जनुकं सुरू करणारं प्रथिन एरवी शॅपरोन, म्हणजे इतर प्रथिनांची घडी सांभाळणाऱ्या प्रथिनांनी, धरून ठेवलेलं असतं. पेशी तापली की शॅपरोन बिघडलेली प्रथिनं सावरायला धावतात, एचएसएफ-१ सुटतं, त्याचे तीन रेणू जुडी करून एचएसपी-७० या शॅपरोनच्या जनुकापाशी बसतात. काही मिनिटांत काम सुरू! पुरेसं एचएसपी-७० साठलं की तेच एचएसएफ-१ ला पुन्हा पकडतं. खेळ खलास. याची पहिली खूण इटालियन शास्त्रज्ञ रिटोसा यांनी १९६२ साली फळमाशीबद्दल छापली: इनक्युबेटर चुकून जास्त तापला आणि लाळग्रंथींच्या गुणसूत्रांवर फुगवटे उठले. उष्णता गेली की हे फुगवटे ओसरतात.

सौम्य ताणाने पेशी टणक होतात हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. डिशमधल्या पेशींना ४२-४३ अंशांवर थोडा वेळ ठेवून मग ३७ वर काही तास विसावा दिला, तर पुढचा ४५ अंशांचा मारा त्या जास्त सोसतात. मधला विसावा गाळला तर फायदा नाही. हा टणकपणाही काही दिवसांत जातो. आणि बादलीभर पाण्याने यकृत-स्वादुपिंड ४२ ला जात नाही. मधुमेहात पाय बधिर असतील तर भाजलेलं मात्र कळत नाही.

नोबेल २०१६ चं, जपानी शास्त्रज्ञ ओसुमी यांचं, ऑटोफॅजीसाठी, म्हणजे पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग पचवते त्यासाठी. उपाशी ठेवलं होतं यीस्टला, ठाण्यातल्या काकूंना नव्हे.

ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर धाडकन उतरते: घाम, थरथर, बरळणं. शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन गटाची गोळी असेल तर धोका वेगळाच. उपवासात रक्तात कीटोनचं आम्ल साठतं आणि साखर फार चढलेली नसते, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून निर्धास्त राहू नका. उलट्या, पोटदुखी, धाप लागली की थेट हॉस्पिटल. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, काकू.